पावसाळ्यात बोट वर काढली की आउटबोर्डचं काय काय बघायचं

१ जूनला मासेमारी बंद झाली की आमच्या मालवणात बोटी वर येतात आणि ३१ जुलैपर्यंत वेळच वेळ, तेव्हा आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं काम घरीच करा, खरंच अवघड नाहीये.

पहिलं म्हणजे गोडं पाणी. फ्लशिंग मफ (इंजिनाच्या पाणी ओढायच्या भोकांवर बसणाऱ्या, नळीला जोडलेल्या रबरी वाट्या) लावून नळाच्या पाण्यावर १०-१५ मिनिटं इंजिन चालवायचं, नाहीतर आत मीठ धरतं आणि पाण्याच्या वाटा बुजतात. पण पाणी सुरू केल्याशिवाय स्टार्टर मारू नका हां, पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरला की लगेच जातो. मागून पाण्याची धार नीट येत नसेल तर आधी धारेचं भोक तारेने साफ करा, तरी नाही आली तर इम्पेलर बघा, पाती वाकून तशीच राहिली असतील तर बदलाच.

मग गिअर ऑइल. इंजिनाच्या तळाशी गिअरचा भाग असतो, त्याचा खालचा स्क्रू काढायचा, मग वरचा, आणि जे येईल ते नीट बघायचं, दुधाळ चहासारखं आलं तर आत पाणी शिरलंय म्हणजे सील गेलंय. बहुतेक वेळा पंख्यामागे (म्हणजे प्रोपेलरमागे) शाफ्टवर जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला असतो, तोच सील कापतो, म्हणून पंखा काढून बघायचाच. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मगच खालचा. वॉशर नवीन टाका.

झिंक, म्हणजे इंजिन गंजू नये म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा, अर्धं झिजलं असेल तर बदला, त्याच्यावर रंग कधीच मारू नका.