देठ मोडलेला भोपळा

लहान मुलांना शेत दाखवायचे तर ते पेरणीनंतरच्या दिवसांत दाखवावे, असे मला आजवर वाटत आले होते. गेल्या रविवारी, शरद ऋतू अर्धाअधिक सरल्यावर, आम्ही दोघे साडेपाच वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा यांना घेऊन एक दिवस शेतावर घालवून आलो आणि हे मत मला बदलावे लागले. कोवळा अंकुर पाहून त्याचे पुढे काय होणार हे लहान मुलाला उमगत नाही, कारण त्याच्या लेखी पुढचा आठवडासुद्धा फार लांब असतो. शरदातल्या शेतात मात्र घडून गेलेले सगळे एकाच जागी दिसते : वाळत चाललेला वेल, त्याला धरलेले फळ आणि त्या फळाच्या पोटातले पुढच्या हंगामाचे बी.

भोपळ्यांच्या रानात आम्ही दीड तास होतो. भोपळा तयार झाला हे कसे ओळखायचे, असे मुलीने विचारताच शेताच्या मालकीणबाईंनी तिला सालीवर नख रोवून पाहायला सांगितले. नख आत शिरले नाही आणि देठ वाळून लाकडासारखा टणक झाला असला, तर फळ काढायला हरकत नाही. त्यांनी वेलावर मागे राहिलेली दोन फुलेही दाखवली. एक नुसतेच लांब दांड्यावर उभे होते, ते नर. दुसऱ्याच्या खाली सुपारीएवढा हिरवा गोळा होता, ती मादी. हे फूल एकाच सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, तेवढ्या वेळात मधमाशीने पराग आणून पोहोचवला नाही तर तो गोळा पिवळा पडून गळून जातो. त्यानंतर मुलगी प्रत्येक भोपळ्याला "तुझ्याकडे माशी आली होती का?" असे विचारत फिरली.

देठ धरून भोपळा उचलू नये, हे मात्र आम्हाला उशिरा कळले. तिने तो तसाच उचलला, देठ मुळापासून निखळला आणि भोपळा तिच्या पायाशेजारी पडला. ती रडवेली झाली. बोटभर देठ राखून काढलेले फळ काही दिवस उबदार, कोरड्या जागी ठेवले की साल आणखी घट्ट होते आणि ते महिनोन्‌महिने टिकते. देठ तुटला की त्या जागेतून कूज आत शिरते, म्हणून असे फळ आधी संपवावे लागते. अर्थात तो भोपळा आम्हीच विकत घेतला.

मक्याच्या तुकड्यात पिके माझ्याहून उंच आणि पानांची सळसळ इतकी मोठी, की धाकटा थेट बाबाच्या खांद्यावर चढून बसला. वाळलेले कणीस सोलून त्याच्या तपकिरी केसांपैकी प्रत्येक केस एकेका दाण्याकडून निघालेला असतो, हे मी मुलांना सांगितले. तुऱ्यातला पराग वाऱ्याने येऊन ज्या केसावर बसत नाही, त्याचा दाणा भरत नाही. आमच्या कणसाच्या टोकाशी नेमक्या अशा रिकाम्या जागा निघाल्या, त्यामुळे माझी अब्रू राहिली.

खुराड्यापाशी थोडी निराशा झाली. अंडी गोळा करायला मिळतील असे आम्ही मुलांना कबूल केले होते (असे काही कबूल करू नये), पण दिवस लहान होऊ लागले की कोंबड्यांचे अंडी देणे कमी होते आणि याच सुमारास त्यांची जुनी पिसेही झडतात. अंडे एकच मिळाले. धाकट्याला पिसे अधिक आवडली.

गाय रवंथ करताना तिच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नाहीत, हा शोध मुलीने स्वतः लावला. स्वतःचा दात नुकताच पडल्याने तिचे लक्ष तिकडे गेले असावे. जनावरांना हात लावल्यावर साबण आणि वाहत्या पाण्यानेच हात धुवावेत, चिखलाने माखलेल्या हातांवर सॅनिटायझरचा भरवसा धरू नये, एवढी एकच सूचना मी इतर पालकांना आग्रहाने करीन. बाकी बेत हवा तसा मोडू द्यावा. आमचा मुलगा तर शेवटचा अर्धा तास एका रिकाम्या एकचाकी हातगाडीला सोडायला तयार नव्हता.

भोपळा त्याच रात्री कापला. त्या रानात भोपळ्यांच्या दोन-तीन जाती शेजारी-शेजारी होत्या आणि मधमाशा जात पाहून फुलावर बसत नाहीत, तेव्हा या बियांतून अगदी असाच भोपळा येईल असे नाही, हे मालकीणबाईंनी निघताना बजावले होते. तरीही मुलीने सगळे बी धुऊन कागदावर पसरले. धाकट्याने त्यातले मूठभर आपल्या बुटात लपवले. तिला शंभरपर्यंतच अंक येतात, म्हणून शंभर झाल्यावर ती पुन्हा एकपासून मोजू लागली.