श्रेय कुणाचं, औषधाचं की देवाचं?

माझे वडील फॅमिली डॉक्टर होते आणि मनापासून देव मानणारे होते, हे कळलं की लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. "पेशंट बरा झाला की ते श्रेय कुणाला द्यायचे? औषधाला की देवाला?" देव न मानणाऱ्यांना यात बाबांची विसंगती पकडायची असते. मानणाऱ्यांना एखादा चमत्कार ऐकायचा असतो. दोघांनाही देण्यासारखं माझ्याकडे काही नसतं, म्हणून बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

बाबा दवाखान्यात जाण्याआधी रोज प्रार्थनेला बसत. वेळ फार नसे, पण त्या वेळात त्यांना कुणी हाक मारायची नाही. लहानपणी मला वाटायचं, ते सगळ्या पेशंटांना बरं कर म्हणून सांगत असणार. मोठी झाल्यावर एकदा विचारलंच, की तुम्ही मागता तरी काय? म्हणाले, "समोरचा माणूस बोलत असताना माझं लक्ष दुसरीकडे जाऊ नये, एवढं मागतो. पेशंटला बरं करण्याचं मी बघतो ना, त्यासाठी तर शिकलोय."

त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने हे मागणं किती नेमकं होतं, ते मला पुढे वाचनातून कळलं. १९७५ साली ब्रिटनमध्ये ८० नव्या पेशंटांचा एक अभ्यास झाला होता. त्यातल्या ६६ जणांचं पक्कं निदान आधी नुसती हकिकत ऐकूनच झालेलं होतं. तपासणी आणि चाचण्यांनी बाकीच्या थोड्यांपुरतीच भर घातली. आणि १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, की पेशंट आपली तक्रार सांगायला लागला की डॉक्टर सरासरी अठरा सेकंदांत त्याला मध्येच तोडतात. जिथे निदान दडलेलं असतं, तीच गोष्ट अर्धवट ऐकली जाते. बाबा रोज सकाळी देवाकडे मागत होते ते या अठरा सेकंदांच्या पुढे थांबण्याचं बळ.

उपचारांत मात्र श्रद्धेला त्यांनी कधी सूट दिली नाही. क्षयाचा कोर्स म्हणजे कोर्स, खोकला थांबला म्हणून दोन महिन्यांत गोळ्या बंद करणाऱ्याला ते पुन्हा बोलावून घेत. 'आता सगळं देवावर सोडलंय' असं म्हणत कुणी इन्सुलिन थांबवलं, की एरवी शांत असणाऱ्या या माणसाचा आवाज चढायचा. "देवावर सोडलंय म्हणता, मग त्याने दिलेलं का नाकारता?"

श्रेयाच्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर इथेच आहे. इन्सुलिनची गोष्ट ते फार प्रेमाने सांगत. त्याआधी मधुमेह झालेलं लहान मूल म्हणजे उपासमारीच्या आहारावर काढलेले थोडे महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याने फारसं काही साधलं नाही, उलट टोचलेल्या जागी गळू झालं. मग जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने इन्सुलिनचा तो अर्क अधिक शुद्ध केला, २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली आणि मुलाची साखर उतरली. पुढे तो तेरा वर्षं जगला. बाबा म्हणायचे, "देव कुठे होता विचारशील, तर त्या मधल्या बारा दिवसांत होता. प्रयोगशाळेत." औषध एका बाजूला आणि देव दुसऱ्या बाजूला, अशी मांडणीच त्यांच्या डोक्यात नव्हती. श्रेय वाटायला दोन वाटेकरी लागतात, आणि ते त्यांना कधी दिसलेच नाहीत.

प्रार्थनेने रोगी बरे होतात का, याची रीतसर चाचणी झालेली आहे, हेही त्यांना माहीत होतं. २००६ साली तिचे निष्कर्ष आले. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, बायपास झालेले १८०२ पेशंट. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यात गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, ५२ आणि ५१ टक्के. या दोन्ही गटांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ठाऊक नव्हतं. ज्यांना मात्र ती नक्की होतेय असं सांगितलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के होतं. एका स्नेह्यांनी हे बाबांना जरा विजयी सुरात ऐकवलं. बाबांनी आकडे समजून घेतले, मान्य केले. त्यांची श्रद्धा त्या आकड्यांवर उभी नव्हतीच. शेवटच्या आकड्याचं तर त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. 'मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो' हे वाक्य त्यांनी पेशंटला कधी म्हणून ऐकवलं नाही. डॉक्टरच्या तोंडून ते आलं की माणूस घाबरतो, याच्या हातात आता काही उरलं नाही असं समजतो. दवाखान्याच्या भिंतींवर त्यांच्या श्रद्धेची एकही खूण नव्हती. येणारा कुठल्या धर्माचा, की कुठल्याच नाही, हे केसपेपरवर लिहायची बाब नाही, असं ते मानत.

श्रद्धेने त्यांना दिली ती मुख्यतः एका जागी टिकून राहण्याची ताकद. आजी, मुलगी, नात अशा तीन पिढ्या ते ओळखत. याचा उपयोग काय, तर एक प्रसंग सांगते. ठरलेल्या तारखेशिवाय कधीही न येणाऱ्या एक आजी मधूनच आल्या. छातीत दुखत नव्हतं, धाप नव्हती. "जरा बरं वाटत नाही, डॉक्टर," इतकंच. बाबांनी ईसीजी काढला आणि त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. हार्ट अटॅक होता. मधुमेही बायकांमध्ये तो असा छातीत न दुखता येऊ शकतो, हे पुस्तकात असतं. या बाई उगाच येणाऱ्यांपैकी नाहीत, हे कुठल्या पुस्तकात असणार? २०२२ साली नॉर्वेतल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकच फॅमिली डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये, डॉक्टरशी जेमतेम वर्षभराची ओळख असलेल्यांच्या तुलनेत मृत्यूची शक्यता सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी आढळली. असं औषध उद्या बाजारात आलं तर त्यासाठी रांगा लागतील.

आणि जिथे उपचार संपतात, तिथलं सांगते. कॅन्सरचा पेशंट रुग्णालयातून घरी पाठवला की अनेक घरांत डॉक्टरचं येणंही थांबतं. बाबांच्या व्हिजिटा तिथे वाढायच्या. नातेवाईक विचारत, "आता काहीच करता येणार नाही का?" ते म्हणत, "येईल. दुखू द्यायचं नाही, आणि मी येत राहणार." मॉर्फिन द्यायला कचरत नसत, वेळच्या वेळी देत, दुखायची वाट पाहत नसत. पेशंटच्या घरात 'देवाची इच्छा' हे शब्द त्यांनी कधीच उच्चारले नाहीत. एक लहान मूल गेलं, तेव्हा त्या आईला तिच्या काकांनी हे ऐकवलं. बाबांनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे प्रार्थनेला बसले. आई म्हणाली, त्या दिवशी ओठ हलत नव्हते, नुसते बसून होते.

श्रद्धा होती म्हणून ते कधी थकत नसत, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ते फार थकत. त्यांना एक जुनं पत्र आवडायचं, ११९९ साली मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडित आणि वैद्याने इजिप्तमधून लिहिलेलं. भेटायला येऊ इच्छिणाऱ्या आपल्या भाषांतरकाराला तो कळवतो, की रोज पहाटे मला कैरोला सुलतानाकडे जावं लागतं. दुपारनंतर भुकेला घरी परततो तर दालनं पेशंटांनी भरलेली असतात, ज्यू आणि इतरही. दिवसातलं एकमेव जेवण उरकून रात्रीपर्यंत त्यांना तपासतो, आणि शेवटी इतका दमतो की आडवं पडून बोलावं लागतं. बाबांना बरं वाटायचं की एवढ्या मोठ्या धर्मज्ञाने थकवा लपवला नाही.

पण बाबांच्या थकव्याचा भार उचलला आईने. रात्रीचे फोन ती घ्यायची, कुणाला लगेच उठवायचं आणि कुणाला सकाळपर्यंत धीर द्यायचा हे ठरवायची. आमच्या शाळेतल्या कार्यक्रमांना तीच असायची. लोक बाबांच्या सेवेबद्दल बोलतात तेव्हा मी आईचं नाव घेते, आणि मुद्दाम घेते. बाबाही घ्यायचे, पण बऱ्याच उशिरा घ्यायला लागले.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी स्वतःसाठी निवडलेल्या डॉक्टरबाई देव अजिबात न मानणाऱ्या होत्या. काही नातेवाइकांना ते रुचलं नाही. बाबांनी त्यांना एवढंच सांगितलं, की या बाई माझं पूर्ण ऐकून घेतात आणि बोलावलं की येतात. त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्या ते वेळेवर घेत, आणि त्या यायच्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेत. बाईंना हे आम्ही बाबा गेल्यानंतर सांगितलं.