दुचाकीवर एकटा, बसमध्ये चाळीस

आज सकाळी साडेनऊला बेळगावात गोगटे सर्कलला सिग्नल हिरवा होऊनही गाड्या हलेनात. बहुतेक दुचाकींवर एकेकच माणूस, आणि मधोमध अडकलेली बस दारापर्यंत भरलेली.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा 2.7 किलो. 45 चं ॲव्हरेज देणारी दुचाकी किलोमीटरला 50 ग्रॅम सोडते, 15 देणारी कार दीडशे. बस लिटरला जेमतेम पाच किलोमीटर जाते, पण आत चाळीस माणसं असतील तर डोईमागे 14 ग्रॅमसुद्धा पडत नाहीत.

मग लोक बस का सोडतात? भरवसा नाही म्हणून. एक फेरी रद्द झाली की पुढच्या बसला दुप्पट माणसं, प्रत्येक थांब्यावर चढ-उतार लांबते, ती आणखी रखडते. मागची मोकळी बस येऊन तिलाच गाठते. 11 जून 2023 पासून कर्नाटकात महिलांना बसप्रवास मोफत झाला, फार चांगलं झालं. पण गर्दी वाढली तशा फेऱ्याही वाढायला हव्यात.

दुसरं दुखणं पाण्याचं. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर ओतलं की रस्ता वर जातो, गटारीचं तोंड बाजूलाच राहतं आणि पाणी थेट दुकानात. तेच पुढे बळ्ळारी नाल्यातून शहापूर-वडगावच्या भातशेतीत तुंबतं. रोप चार-पाच दिवस पूर्ण बुडालं की कुजतं. आधी खरवडा, उतार मोजा, मगच डांबर घाला.