दुपार कुठे काढायची?

श्रीलंकेला जायचं ठरलं तेव्हा घरात कुणी भांडलं नाही, तिकिटं काढली तेव्हाही नाही, भांडण सुरू झालं ते राहायचं कुठे यावरून, आणि ते जे सुरू झालं ते तीन आठवडे रोज रात्री, ओटा आवरून झाला की, चौघं चार मोबाइल घेऊन. मे महिना ठरलेला, कारण लेकीची शाळा. समुद्र नको हे मात्र एकमताने पास झालं, कारण नवऱ्याचं गाव मालवणजवळ आणि समुद्र बघायला विमानात बसून जाणं म्हणजे त्याच्या मते शेजारच्यांकडे वरणभात जेवायला जाणं. मग आतला भाग. सिगिरिया, दांबुल्ला, कँडी, जमलं तर वर एल्ला.

समुद्राचं एक बरं असतं पण. तिथे खोली कशीही असली तरी भागतं. पंखा खडखडतोय, उशीला कुबट वास येतोय, असू दे, खोलीत थांबतंय कोण! दार उघडलं की करायला काहीतरी समोर आहेच. आतल्या भागात तसं नाही. तिथे उजाडता निघायचं, दहा-साडेदहापर्यंत बघायचं ते बघून घ्यायचं, आणि मग ऊन असं चढतं की चार वाजेपर्यंत तुम्ही आणि तुमची राहायची जागा, दोघंच समोरासमोर. हे कुणी सांगत नाही. साइटवर जेवढे फोटो असतात ते सगळे पहाटेचे नाहीतर दिवे लागलेल्या वेळेचे, धुकं, स्विमिंग पूल, पुलाच्या काठावर कापलेली पपई. दुपारी दोन वाजताचा फोटो मी तीन आठवड्यांत एकही बघितला नाही. दुपारी दोनला त्या पपईवर काय बसलेलं असतं ते आपल्याला माहितीये.

आमच्या घरातल्या मागण्या ऐका. लेकीला पूल हवा. नवऱ्याला स्वस्त हवं, पण स्वस्त दिसायला नको. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जोडून बाथरूम, कमोड, शेजारी पाण्याचा जेट, आणि एकही पायरी नको. मी म्हटलं मला काही नाही, कुठेही चालेल, आणि मग प्रत्येक जागेत खोट काढत बसले ती मीच. रिव्ह्यू वाचायची माझी पद्धत सांगते, पाच स्टारवाले वाचायचेच नाहीत, ते हनिमूनवाले असतात, त्यांना भिंतीला ओल दिसत नाही. एक स्टारवालेही नाहीत, ते घरूनच चिडून निघालेले असतात. तीन स्टारवाला माणूस खरा. तो लिहितो, सगळं छान, पण एसीचा रिमोट मालकाकडे असतो आणि त्याचे पैसे वेगळे. ही माहिती.

नकाशावर शोधताना आणखी एक गंमत झाली. दांबुल्लाच्या रस्त्यावर हॉटेलं खूप दिसली, एवढी की नवरा म्हणाला बुकिंगच कशाला, जाऊन बघू. नंतर कळलं की तिथे रस्त्यावर हॉटेल अशी पाटी असली तर बऱ्याचदा आत फक्त भात-आमटी आणि चहा मिळतो, झोपायला काही नाही. मला इतका आनंद झाला ना! आपणही हॉटेलात जेवायला जातो आणि राहायला लॉजवर, आणि इंग्रजीवाल्यांनी आयुष्यभर आपल्याला त्यावरून हसून घेतलंय.

तर दांबुल्ला. सोयीचं आहे, बस-बिस सगळं तिथून, लेण्यांमधलं बुद्धमंदिरही गावातच. पण देशातला मोठा घाऊक भाजीबाजार पण तिथेच आहे, म्हणजे आपल्या वाशी मार्केटजवळ सुट्टीला गेल्यासारखं, ट्रक, हॉर्न, गोणी. हबरना हा नाका आहे, जिथे सगळे रस्ते मिळतात. मिन्नेरियाचे हत्ती बघायला जवळ, पण तलावाकाठी हत्तींचे मोठे कळप जमतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात, पाणी आटून गवत उघडं पडलं की, मेमध्ये तिथे राहून हबरन्याचा नाकाच बघायचा. बाकी तो मिन्नेरियाचा तलाव तिसऱ्या शतकातल्या महासेन राजाने बांधलेला आहे आणि तलावाला सिंहलीत म्हणतात वेव. मूळ शब्द वापी, आपली बाव पण त्याचीच. गावात बाव असलेल्या माणसाला हे कळल्यावर एकदम पाव्हण्यांकडे आल्यासारखं वाटतं, मला तरी वाटलं.

आणि मग कंडलामा. जेफ्री बावा या वास्तुविशारदाने डोंगराच्या कुशीत, तलावाकडे तोंड करून बांधलेलं ते लांबच लांब हॉटेल, नव्वदच्या दशकातलं. इमारतीवर वेली अशा चढवल्यात की लांबून बघितलं तर डोंगराला खिडक्या फुटल्यात असं वाटावं. कॉरिडॉर उघडे, मधूनच अख्खा कातळ आत आलेला. बावाला दुपार कळली होती! एसी न लावता सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर माणूस कसा बसवायचा हे त्याला जसं कळलं तसं आपल्याकडे कोकणातल्या पडवी बांधणाऱ्यांना कळलं होतं, फक्त पडवीचं भाडं एवढं नसतं. नवऱ्याने एका रात्रीचा आकडा बघितला, मोबाइल पालथा ठेवला आणि पाणी प्यायला उठून गेला. तो विषय तिथेच संपला.

उरलं सिगिरिया गाव. आता या सिगिरियाची गोष्टच मुळात राहायला जागा निवडण्याची आहे. पाचव्या शतकात कश्यप राजाने बापाला, धातुसेनाला मारून गादी घेतली, खरा वारस होता मोग्गलान, तो पळाला भारतात, आणि तो परत येणार या धास्तीने कश्यपाने राजधानी हलवली आणि राजवाडा बांधला तो जवळजवळ 180 मीटर उभ्या कातळाच्या माथ्यावर. व्ह्यू उत्तम, शेजार नाही, सेफ्टी शंभर टक्के. वर दगडात खोदलेलं तळं, खाली बागा आणि कारंजी. 477 ते 495, म्हणजे अठराच वर्षं राहायला मिळालं, मोग्गलान आलाच शेवटी. पण मी वर उभी राहून विचार करत होते तो वेगळाच, की सकाळी नऊला इथे पाय भाजतायत, तर हा माणूस दुपारी काय करत असेल? छप्पर असणार, वारा असणार, पडदे भिजवून सोडत असतील. तरीपण. भीती एवढी मोठी असेल तर दुपारचा विचार कोण करतो म्हणा.

आई वर येणार नव्हत्याच. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, शेवटच्या तर कातळाला टेकवलेल्या लोखंडी जिन्याच्या. म्हणजे आम्ही तिघं वर असताना त्या राहायच्या जागी एकट्या असणार, हे लक्षात आलं आणि एकदम सगळं सोपं झालं. जिथे आई सकाळी तीन तास एकट्या बसू शकतील आणि बाकीचे दुपारी चार तास, ती जागा. पूल कटाप. लेक दोन दिवस बोलली नाही.

मिळालं ते एक घर. चार खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या, समोर रुंद व्हरांडा, लाल ऑक्साइडची गार फरशी, आंबा, फणस, कडीपत्ता, कुंपणापलीकडे भाताचं खाचर. फोटो इतके वाईट होते की माझा लगेच विश्वास बसला. नवऱ्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, वायफाय आहे का, मी अकरा विचारले, त्यातला मुख्य म्हणजे रात्रीचं जेवण घरीच मिळेल का, कारण संध्याकाळनंतर त्या बाजूला हत्ती रस्त्यावर येतात आणि तिथे शेतांना विजेचं कुंपण असतं ते उगाच नाही. नकाशावर मेन रोडपासून दोन किलोमीटर दिसतात ते दिवसा दोन किलोमीटर, रात्री ते नाहीतच असं धरायचं. दुसरा प्रश्न सांबोलचा. आईंचा गुरुवार असतो, आणि तिकडची ती लालभडक नारळाची चटणी, पोल सांबोल, दिसायला अगदी सोवळी पण त्यात बऱ्याचदा उंबलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. मालवणच्या बाईला एरवी ही आनंदाची बातमी, पण गुरुवारी नाही. घरच्या बाईने कळवलं, गुरुवारी वेगळी वाटेन. ही सोय कुठल्या साइटवर टिक करायला मिळते सांगा.

कँडीचं बुकिंग नवऱ्याकडे सोडलं होतं. त्याने लेक व्ह्यू घेतला. कँडीत तळ्याच्या चहूबाजूंनी टेकड्या आहेत त्यामुळे लेक व्ह्यू याचा अर्थ चढ, आणि फार छान लेक व्ह्यू याचा अर्थ रिक्षावाला खालीच सोडतो. बाकी मी काही बोलणार नाही. एल्ला राहूनच गेलं. हजार मीटरवर आहे, माथेरानहून उंच, तिथे दुपारचा प्रश्नच येत नाही म्हणे, पुढच्या वेळी बघू.

पहिल्या दुपारी आम्ही व्हरांड्यात बसलो तेव्हा मला धाकधूक होती. साडेअकरा झाले होते. चार वाजायला साडेचार तास. लेकीने मोबाइल काढला, नवऱ्याने काढला, मग दोघांच्या लक्षात आलं की वायफाय फक्त घराच्या मागच्या कोपऱ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ येतं. थोडा वेळ ते दोघं खुराड्याजवळ उभे होते. मग आले परत.

जेवायला लाल तांदळाचा भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुरीची आमटी, कोवळ्या फणसाची भाजी, आणि ती चटणी. फणसाच्या भाजीवर आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि त्या फणसावर बोलत नाहीत म्हणजे ती त्यांच्यापेक्षा बरी झाली असणार. घरच्या बाईला सगळे अक्का म्हणायचे, तिथेही अक्का म्हणजे ताईच. तिला इंग्रजी थोडं, आईंना त्याहून थोडं. दुपारी दोघी व्हरांड्यात शेंगा सोलत बसायच्या. अक्का मोजायची, एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, आणि आई इकडून मराठीत मोजायच्या, आणि सात-आठला आल्या की दोघी हसायच्या, का ते त्यांनाच माहीत. आम्ही वरून उतरून घामाघूम यायचो तर आईंच्या पायाशी कुत्रा झोपलेला, हातात चहा, आणि "अगं दगडावर काय आहे एवढं" हा प्रश्न.

तिसऱ्या दुपारी पाऊस झाला अर्धा तास, मातीचा वास आला, मग पुन्हा ऊन, जास्तच कोंदट. लेक फरशीवर पालथी पडून, गाल टेकवून, पाय हलवत होती. कंटाळा आला का विचारलं तर म्हणाली, आलाय, पण चांगलाय. नवरा तर आरामखुर्चीत असा झोपला की मिटिंगमध्येच वाटावा.

निघायच्या दिवशी मात्र घाई झाली. कँडीला अंधार पडायच्या आत पोचायचं होतं, ड्रायव्हरदादा दोनलाच गाडी लावून तयार, बॅगा डिकीत, पासपोर्ट दोनदा मोजून झाले. आई पायात चपला सरकवत होत्या आणि वर छपराच्या वाशात पाल चुकचुकली. आईंनी सवयीने बोटाने लाकडावर टकटक केलं, कृष्ण कृष्ण म्हणाल्या, आणि बघतात तर अक्का पण दारातच थबकलेली. तिने वर बघितलं, आईंकडे बघितलं, आणि हाताने खूण केली, बसा. नवरा म्हणाला, अहो आई, उशीर होतोय. आईंनी चपला काढल्या.

मग आम्ही सगळे परत व्हरांड्यात बसलो. अक्का आत चहा टाकायला गेली आणि ड्रायव्हरदादाने काही न विचारता गाडीचं इंजिन बंद केलं.