दहा चिंचोके

मंगळवार, रात्री ११

दिवसभर कोसळतोय. आयर्विन पुलाजवळ पाणी ३३ फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ. दुकान दुपारीच बंद केलं आणि दादाकडे पोकरचा डाव मांडला. पैसे नाहीत, चिंचोके. गेल्या खेपेला बेदाणे घेतले होते, तर पुतण्याने अर्धा पॉट, म्हणजे मधे साचलेला ढीग, खाल्ला.

माझ्याकडे एक्का-राजा. खाली सगळ्यांसाठी उघडलेली पानं: इस्पिक एक्का, बदाम सत्ती, बदाम दुर्री. चौथं पान किल्वर गुलाम. पॉटात ४०, समोर उरला फक्त दादा. मी १० सरकवले. दादा पळून जाऊ नये म्हणून, असं तेव्हा वाटलं. खरं म्हणजे मूठच उघडवत नव्हती.

दादाच्या हातात दोन बदाम. आणखी एक बदाम आला की त्याचे पाच बदाम, माझ्या एक्क्यांच्या जोडीवर भारी. त्याला न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. म्हणजे शंभरात जेमतेम वीस वेळा लागणार. पण पॉटात ५० पडलेले आणि भरायचे फक्त १०, तेव्हा सहातून एकदा लागलं तरी त्याचं भागत होतं. मीच स्वस्तात पान विकलं! २० लावले असते तर चारातून एकदा लागायला हवं होतं, तेवढं त्याच्याकडे नव्हतं. तरी भरले असते आणि बदाम आलाच असता तर? हरलो असतोच, पण चूक त्याची असती. हेच मघापासून डोक्यात घोळतंय.

शेवटचं पान बदाम अठ्ठी. दादाने उरलेले सगळे ७५ लोटले. पॉट ६० चा, पण नो-लिमिटमध्ये, म्हणजे लावायला मर्यादा नसलेल्या खेळात, चालतं. मी भरले. इथे गणित वगैरे काही नव्हतं, नुसता इरेला पेटलो होतो.

वहिनी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "भाऊजी, पान बरं असलं की तुम्ही चिमटीनं टाकता, थाप असली की ओंजळीनं."

इतके दिवस सगळ्यांना दिसत होतं तर.

मग ठरवलं, पान कसंही येवो, अर्धा पॉट. पुढच्याच डावात दोन एक्के आले, खाली तीन फालतू पानं. पॉट ३०. मी १५ चिंचोके एकेक करून मोजले. वहिनींनी पानं टाकली, डाव सोडला. दादानेही टाकली.

"आज मोजतोय लेका, म्हणजे आहे काहीतरी."

पाणी ३४ वर. दुकान उद्याही बंदच.