तिसऱ्यांदा फोन कट केला नाही

भिजवलेल्या कपड्यांची बादली बाजूला सारली, एक्झॉस्ट फॅन लावला आणि बाथरूममध्ये स्टुलावर बसून मी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवला. काय बोलायचं ते विजेच्या बिलामागे लिहून घेतलं होतं. पाच मुद्दे, ऑफिसच्या मीटिंगला लिहितो तसे. रिंग वाजल्यावर दोनदा फोन कट केला. तिसऱ्यांदा रेकॉर्ड केलेला आवाज आला, मग ते थांबून राहायचं संगीत. कधी लगेच उचलतात, कधी बराच वेळ लागतो. तेवढ्यात मनात येतंच, की आपल्यापेक्षा जास्त गरज असलेल्या कुणाची तरी लाइन आपण अडवून बसलोय. येऊ द्या. फोन ठेवू नका.

"बोला, मी ऐकतेय," पलीकडच्या बाई म्हणाल्या. नाव सांगायची सक्ती नव्हती. काय म्हणून हाक मारू, एवढंच विचारलं. मी खोटं नाव सांगितलं. पहिला मुद्दा वाचायला गेलो आणि रडूच फुटलं. किती वेळ, देव जाणे. त्या मधूनमधून "आहे मी, सावकाश" म्हणत राहिल्या.

मग सरळ विचारलं, "आत्महत्येचा विचार येतो का?" मी चपापलोच. पण असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, म्हणून त्या आडपडदा न ठेवता विचारतात. म्हटलं, "मरायचं नाहीये, पण सकाळी जाग नाही आली तरी चालेल." हे मी बायकोलाही बोललो नव्हतो. "असं काय बोलता" वगैरे काही नाही. "कधीपासून वाटतंय?" म्हणाल्या. मग काही ठरवलंय का, हाताशी काही ठेवलंय का, तेही. बोलणं गुप्त राहतं, पण जीव तातडीने धोक्यात दिसला तर काही हेल्पलाइन बाहेरची मदत बोलावतात. नियम ठिकठिकाणी वेगळे, सुरुवातीलाच विचारून घ्या.

माझी चिडचिड झाली ती "मग मी काय करू?" यावर. उत्तर मिळालंच नाही. प्रश्नच परत आला. सल्ला न देता नुसतं ऐकून घेण्यामागची गोष्ट नंतर वाचली. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूने अशी फोनसेवा सुरू केली. लोक त्याला भेटायला यायचे, बाहेर बसायचे, तिथले स्वयंसेवक त्यांना चहा द्यायचे, दोन शब्द बोलायचे. कित्येकांना तेवढ्यानेच हलकं वाटायचं, आत जायची गरजच उरायची नाही. 'समॅरिटन्स' संस्था त्यातून उभी राहिली. हे वाचल्यावर माझा राग जरा निवळला. पूर्ण नाही.

पुढे एकदा फोन केला तर पलीकडचा माणूस कागदावरचं वाचून दाखवतोय असं वाटलं. चार मिनिटांत ठेवला. ठेवता येतो, कारण द्यावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी परत केला, वेगळा आवाज, बरा होता.

त्या पहिल्या रात्री शेवटी बाईंनी विचारलं, "फोन ठेवल्यावर पुढचा अर्धा तास काय कराल?" काहीच सुचेना. समोर बादली होती. म्हटलं, "कपडे पिळून वाळत घालीन." "घाला," म्हणाल्या. पावणेएकला मी दोरीवर शर्ट झटकत उभा होतो. बिलावरचे चार मुद्दे तसेच राहिले होते.