मातीतून निघालेल्या लष्करी बटणाचं वय कसं ठरवतो : माझा अनुभव

मेटल डिटेक्टरने दाखवलेल्या जागी बटण निघालं की हात आपोआप अंगठ्याने ते चोळायला जातो. तिथेच बरीच बटणं वाया जातात. मातीतले वाळूचे कण सॅंडपेपरचं काम करतात आणि सोन्याचा पातळ मुलामा, असलाच तर, दोनदा चोळलं की निघून जातो. म्हणून मी बटण तसंच, मातीसकट, डबीत ठेवतो. डबीवर जागा आणि खोली लिहितो. जागेच्या मालकाची परवानगी अर्थातच त्याच्या आधी घेतलेली असते.

घरी आल्यावर आधी धातू ओळखायचा. पिवळसर किंवा हिरवट जंग चढलेलं असेल तर पितळ, करडं, मऊ आणि कडा भुसभुशीत झालेलं असेल तर प्यूटर, म्हणजे मुख्यतः कथील असलेला मिश्रधातू. पितळी बटण ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून माती सैल करतो आणि लाकडी टूथपिकने काढतो. प्यूटर मात्र कोरडंच ठेवून टोकरतो. लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश आणि भांडी घासायची पूड पूर्णपणे वर्ज्य. आम्ल जंग खातं तसंच खालचा धातूही खातं, आणि अक्षरं त्या जंगातच अडकलेली असतात.

वाचायला उजेड वरून नाही, बाजूने, जवळजवळ आडवा पाडायचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याशी धरून बटण हळूहळू फिरवायचं. अंधुक आकडा एका कोनात अचानक उठून दिसतो. लगेच फोटो काढतो, कारण तो कोन पुन्हा सापडेलच असं नाही.

आता मुख्य मुद्दा. पुढची बाजू बटण कोणाचं ते सांगते. कधीचं ते बहुतेक वेळा मागची बाजू सांगते. नवशिके पुढचाच फोटो दाखवून वय विचारतात. मी पाठ बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.

ब्रिटिश पायदळाचं उदाहरण घेऊ, कारण ती बटणं जगभर विखुरलेली आहेत. १७६७ साली शिपायांच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक घालायचा हुकूम निघाला. तेव्हापासून १८५५ पर्यंत शिपायाचं बटण प्यूटरचं, एकसंध ओतलेलं, पाठीला कडी. पुष्कळदा ही कडी लोखंडी असते. लोखंड जमिनीत गंजून फुगतं आणि मऊ प्यूटर फोडून बाहेर येतं, त्यामुळे कडी गायब असली तरी मधला तपकिरी डाग हा पुरावाच आहे, तो घासून काढू नये. १८५५ पासून शिपायांना पितळी बटण मिळालं. १८७१ मध्ये शिपायांच्या बटणांवरचे क्रमांक गेले आणि राजचिन्हाचं सामाईक बटण आलं. अधिकाऱ्यांच्या बटणांवर क्रमांक १८८१ पर्यंत टिकले. त्या वर्षी क्रमांकाच्या पलटणी परगण्यांच्या नावांवर गेल्या.

एवढ्यावर किती उलगडतं बघा. समजा, आकडा १०४ वाचला. या क्रमांकाच्या पलटणी वेगवेगळ्या काळात उभ्या राहिल्या आणि मोडल्या. १८१० ते १८१७ मध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकची होती. पुढे १८६२ साली कंपनी सरकारच्या बंगालमधल्या युरोपीय पलटणीला हाच क्रमांक मिळाला. आकडा एक, पण या दोन पलटणींमध्ये जवळजवळ अर्धशतक. निवाडा धातू करतो: प्यूटर निघालं तर आधीची एखादी जुनी पलटण. दोन पत्रे काठाने दुमडून जोडलेलं पितळी बटण निघालं तर १८६२ नंतरचं, आणि शिपायाचं असेल तर १८७१ च्या आतलं. काठ दुमडून जोडायची ही पद्धत बर्मिंगहॅमच्या बेंजामिन सॅंडर्सच्या १८१३ च्या पेटंटपासून पसरली, त्यामुळे दुमडलेला काठ दिसला की १८१३ च्या मागे मी जातच नाही.

नुसता आकडा असेल तर आणखी एक फसगत असते. फ्रेंचांनीही १७६२ पासून पायदळाच्या बटणांवर क्रमांक घातले. म्हणून आकड्याभोवतीची किनार आणि आकड्याचं वळण ओळखीच्या नमुन्याशी ताडल्याशिवाय देश ठरवायचा नाही.

ब्रिटिश बटणांवरच्या मुकुटावरून गोंधळ सर्वांत जास्त. १९०१ ते १९५२ चा ट्यूडर मुकुट सोपा: वरच्या कमानी घुमटासारख्या फुगलेल्या. व्हिक्टोरियाच्या काळातला आणि १९५३ नंतरचा, दोन्हींच्या कमानी मधे खचलेल्या दिसतात. झिजलेल्या बटणावर या दोघांत निव्वळ आकारावरून फरक करणं धोक्याचं. मग वजन बघतो. १९५० च्या दशकापासून चकाकणारी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची बटणं आली. ती पितळी बटणाच्या मानाने अगदीच हलकी लागतात. ट्यूडर मुकुट चार्ल्स राजाच्या काळात, २०२२ पासून, परत आला आहे, हेही ध्यानात असू द्यावं.

पाठीवरच्या अक्षरांत उत्पादकाचं नाव मिळालं तर उत्तम, पण नावापेक्षा पत्ता कामाचा, कारण कंपन्या शतकभर तेच नाव ठेवतात आणि पत्ते बदलतात. ‘ट्रेबल गिल्ट’सारखे शब्द मात्र मुलाम्याची जाहिरात असते, पलटणीचं नाव नव्हे. ते साध्या नागरी कोटांच्या बटणांवरही भरपूर दिसतात. नोकरांचे गणवेश, रेल्वे, पोलीस आणि अग्निशमन दलाची बटणंही मुकुट मिरवतात. मुकुट म्हणजे फौज असं नाही.

मापासाठी व्हर्नियर कॅलिपर. जुन्या हिशोबात ४० लिन्य (बटणं मोजायचं एकक) म्हणजे एक इंच, २५.४ मिलिमीटर. कोटाचं बटण साधारण २० ते २५ मिलिमीटर, बाहीचं किंवा बंडीचं १४ ते १७. लहान बटणावरून पलटण कळते, पण बारीक नक्षी झिजलेली असल्याने काळाची फट मोठी राहते.

आणि शेतात बटण मिळालं म्हणजे तिथे लढाई झाली, असं समजू नये. जुने गणवेश मजुरांच्या अंगावर गेले, आणि लोकरीच्या चिंध्या इंग्लंडमध्ये खत म्हणून शेतात टाकल्या जात. बटणं त्यांच्यासोबत गेली. म्हणून नोंदवहीत मी तारीख एक नाही, दोन लिहितो: बटण कधी बनलं असावं त्याची, आणि जमिनीत कधीपासून असू शकतं त्याची. दुसऱ्या रकान्यात बहुधा फक्त ‘त्यानंतर’ एवढंच असतं.